सर्किट तेच, आवाज वेगळा

अ‍ॅम्प्लिफायरला आपल्या भागात मशीन म्हणतात. मशीन विकत घ्यायचं असो की लग्नाला भाड्यानं आणायचं असो, पहिला प्रश्न एकच असतो: किती वॅटचं? राळेगावपासून वडकीपर्यंत कुठल्याही साउंड सर्व्हिसची गाडी पाहा, डब्ब्यांवर वॅटच रंगवलेले दिसतील. आवाज कसा आहे हे विचारणारं गिऱ्हाईक क्वचित येतं, आणि आलं तरी त्याला उत्तर मिळतं ते कंपनीच्या नावानं, नाहीतर ट्रान्झिस्टरच्या नंबरानं. ही पुस्तिका त्या न विचारलेल्या प्रश्नासाठी लिहिली आहे. साउंड सर्व्हिसवर काम करणारी पोरं, दुरुस्तीच्या टपरीवर बसणारे कारागीर, आयटीआयतून नुकते बाहेर पडलेले विद्यार्थी आणि वर्गणी काढून मशीन आणणारी भजनी मंडळं हा तिचा वाचक. एकाच सर्किटवर, त्याच नंबराचे ट्रान्झिस्टर लावून दोन मशीनं बांधली. एकातून कीर्तनकाराचा शब्द शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ जातो, दुसरं तासाभरात चिरकू लागतं. असं का?

तिची प्रस्तावना लिहिताना माझं मत आधीच सांगून टाकतो. सर्किटच्या कागदावर ज्या गोष्टी काढलेल्या नसतात, त्या आवाज ठरवतात. वायर कुठून कुठे नेली, ट्रान्सफॉर्मर किती दमदार आहे, हीटसिंक किती तापतं, स्पीकरपर्यंत किती जाडीची केबल ओढली, हे कागदावर दिसत नाही. कागद मात्र सगळ्यांकडे तोच असतो.

आधी वॅटचा हिशेब उरकू. कापसाच्या काट्यावर ओला कापूस वजनाला भरतो, पण जिनिंगवाला त्याला फसत नाही. पेटीवर छापलेले 'पीएमपीओ' वॅट हे असलंच ओलं वजन आहे. सलग वाजवताना मशीन किती वॅट देतं, तेवढाच आकडा खरा. आणि खरा आकडा दुप्पट झाला तरी आवाज दुप्पट होत नाही. ५०० वॅटचं १००० वॅट केलं तर वाढ होते ३ डेसिबलची, म्हणजे कानाला कळेल न कळेल एवढी. ऐकणाऱ्याला आवाज साधारण दुप्पट वाटायला वॅट दहापट लागतात. उलट स्पीकर बदलून पाहा. साधा कागदी कोनचा स्पीकर १ वॅटला १ मीटरवर ८८ ते ९० डेसिबल देतो, चांगला भोंगा १०५च्या पुढे जातो. हा १५ डेसिबलचा फरक वॅटमध्ये मोजला तर तीसपटीचा होतो.

मग जास्त वॅट लागतात तरी कशाला? शिखरासाठी. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनाचं उदाहरण घ्या. गाणाऱ्याच्या आवाजाची सरासरी पातळी एक असते आणि खंजिरीची थाप क्षणभर तिच्या १५ ते २० डेसिबल वर उसळते. सरासरीला ५ वॅट पुरत असतील तर १५ डेसिबलच्या उसळीला १५० वॅटच्या वर हवेत. ते नसतील तर थापेचं टोक कापलं जातं आणि गोल लाट चौकोनी होते. यालाच आपण 'आवाज फाटला' म्हणतो. फाटलेल्या लाटेत वरच्या पट्टीची ऊर्जा वाढते, ती ट्विटरकडे जाते आणि त्याची बारीक कॉइल जळते. छोट्या मशीननं मोठा ट्विटर कसा जळला, या टपरीवरच्या नेहमीच्या कोड्याचं उत्तर हे आहे. वॅट हे मोकळ्या जागेसाठी घ्यायचे असतात. नॉब शेवटपर्यंत फिरवता यावा म्हणून घेतलेलं मशीन दोन हंगामांत टपरीवर येतं.

आपल्याकडे लाउडस्पीकर रुजला तो सभांमधून. मुंबईची शिकागो रेडिओ ही मोटवाने कुटुंबाची कंपनी १९३०च्या दशकात काँग्रेसच्या अधिवेशनांना लाउडस्पीकर पुरवत असे. त्या काळच्या नेत्यांच्या छायाचित्रांत माइकवर तिचं नाव वाचता येतं. वर्धा नदीच्या पलीकडे सेवाग्रामला गांधीजी १९३६ साली राहायला आले. बारीक आवाजाच्या माणसाचं बोलणं हजारोंना कळलं पाहिजे, एवढीच त्या यंत्राकडून अपेक्षा होती. ती कसोटी मला आजही सगळ्यात चोख वाटते. क, च, ट, त, स ही व्यंजनं ओळखू येतात ती बहुतांशी १००० हर्ट्झच्या वरच्या आवाजामुळे. मशीनची शक्ती मात्र खालच्या ठोक्यातच खर्च होते. बेसचा नॉब पूर्ण उघडून कीर्तन लावणाऱ्याला हे एकदा समजलं की निम्म्या तक्रारी संपतात.

आता सर्किट. २ ऑगस्ट १९२७ रोजी सकाळी हॅरल्ड ब्लॅक हा बेल लॅबोरेटरीचा इंजिनिअर हडसन नदी ओलांडून कामावर निघाला होता. फेरीबोटीतच त्याला एक कल्पना सुचली आणि हातातल्या 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पानावर त्यानं ती लिहून काढली. बाहेर पडणाऱ्या आवाजाचा काही भाग उलटा करून परत आत द्यायचा. आत गेलेलं आणि बाहेर आलेलं यांत जो फरक असेल, तो मशीन स्वतःच दुरुस्त करत राहतं. हा निगेटिव्ह फीडबॅक. माइक भोंग्यासमोर आला की शिटी मारतो, तो फीडबॅक वेगळा. त्याच्याशी याची गल्लत करू नये. पुढे १९५६ साली एच. सी. लिन यांनी ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्प्लिफायरची जी मांडणी दाखवली, तिचीच तीन टप्प्यांची रचना थोड्याफार फेरफारानं आजच्या बोर्डांवर दिसते. पहिला टप्पा तुलना करतो, दुसरा व्होल्टेज वाढवतो, तिसरा स्पीकर ओढतो. २एन३०५५च्या जुन्या मशीनपासून ५२००-१९४३च्या जोड्यांच्या डीजे मशीनपर्यंत सांगाडा तोच आहे. अमुक सर्किट गोड वाजतं आणि तमुक कोरडं, या गप्पा ऐकायला बऱ्या वाटतात. मोजायला बसलं की फरक निघतो तो बांधणीतला.

बायसपासून सुरुवात करू, कारण विदर्भात सगळ्यात जास्त मशीनं इथंच हरतात. शेवटच्या टप्प्यात ट्रान्झिस्टरची एक बाजू लाटेचा वरचा अर्धा भाग सांभाळते, दुसरी खालचा. दोघांच्या हातबदलाच्या ठिकाणी दोन्ही थोडे जागे असावे लागतात. तेवढ्यासाठी सिग्नल नसतानाही थोडा करंट वाहता ठेवतात, तो बायस. तो कमी पडला तर शून्याजवळ लाटेला खाच पडते. मोठ्या आवाजात ही खाच झाकली जाते. भजनाच्या सुरुवातीला पेटीचा एकच सूर हळू धरलेला असतो, तेव्हा ती खरखरीसारखी ऐकू येते. म्हणून पूर्ण आवाजावर मोजलेला '०.०१ टक्के डिस्टॉर्शन'चा आकडा मला पुरेसा वाटत नाही. मशीन १ वॅटवर कसं वाजतं, ते आधी पाहावं.

मोजायला साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. प्रत्येक पॉवर ट्रान्झिस्टरच्या एमिटरला ०.२२ ओहमचा पांढरा, विटेसारखा रेझिस्टर असतो. इनपुट बंद, स्पीकर काढलेला, मशीन कोमट झालेलं. त्या रेझिस्टरच्या दोन टोकांना मीटर लावायचा आणि प्रीसेट हळू फिरवत पंचवीसेक मिलिव्होल्टवर आणायचा, म्हणजे सुमारे ११० मिलिअँपिअर. पण डिसेंबरच्या रात्री १५ अंशांत केलेली ही सेटिंग मे महिन्यात ४५ अंशांत टिकेल का? सिलिकॉनच्या जोडाचं व्होल्टेज दर अंशाला साधारण २ मिलिव्होल्टनं उतरतं. ३० अंशांचा फरक म्हणजे एका जोडामागे ६० मिलिव्होल्ट, आणि ड्रायव्हर धरून असे चार जोड असतात. मंडपातली गरमी वाढते, करंट वाढतो, त्यानं हीटसिंक आणखी तापतं, करंट आणखी वाढतो, आणि ऐन वरातीत फ्यूज उडतो.

यावरचा उपाय सर्किटमध्ये आहेच. बायस ठरवणारा एक छोटा ट्रान्झिस्टर असतो. तो हीटसिंकला चिकटवला की मोठ्या ट्रान्झिस्टरांचं तापणं त्याला कळतं आणि तो बायस कमी करतो. स्वस्तातल्या बोर्डांवर तो आपल्या तीन पायांवर हवेत उभा असतो, किंवा त्याच्या जागी बोर्डावर दोन डायोड पडलेले असतात. कागदावर हा फरक दिसणारच नाही. चिन्ह तेच, जागा वेगळी. मग कारागीर काय करतो? मशीन परत येऊ नये म्हणून बायस पार शून्यावर आणून ठेवतो. मशीन परत येत नाही, आवाजही परत येत नाही. या एका खोडीसाठी पुस्तिकेत अख्खं प्रकरण खर्च केलं आहे, ते मला योग्य वाटतं.

दुसरी बाब वीजपुरवठ्याची. हरभऱ्या-गव्हाला पाणी सुरू झालं की डीपीवर मोटरींचा भार येतो आणि लाइन २३०वरून १८०वर उतरते. मशीनची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्यामुळे साध्या ट्रान्सफॉर्मरचं १०० वॅटचं मशीन त्या संध्याकाळी साठेक वॅटचं होतं. ऑपरेटर कमी पडलेला आवाज नॉबनं भरून काढायला जातो आणि लाट कापली जाते. त्यात कपॅसिटर लहान असतील तर विचारू नका. ५ अँपिअर ओढताना १०,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर दोन भरण्यांच्या मधल्या सेकंदाच्या शंभराव्या भागात सुमारे ५ व्होल्ट खाली येतो. २२०० मायक्रोफॅरडचा वीस व्होल्टच्या वर कोसळतो. ठोका ढिला पडतो तो यामुळे. तरीही बाजारात काय चालतं? दोन जोड्यांच्या जागी चार जोड्या ५२००-१९४३ लावायच्या आणि मशीन दुप्पट वॅटचं म्हणून विकायचं. ट्रान्सफॉर्मर तोच असेल तर वॅटही तेवढेच राहतात. वाढलेल्या जोड्या भार वाटून घेतात, टिकाऊपणा वाढतो, हे खरं; पण दुप्पट पैसे त्याचे घेतले जात नाहीत.

तिसरी गोष्ट ग्राउंडची, आणि इथं पुस्तिका खऱ्या अर्थानं रंगते. मशीन चालू केलं, माइक बंद, तरी भोंग्यातून घरघर येते. बहुतेक कारागीर मोठा कपॅसिटर घालून पाहतात. त्याआधी ऐका: बारीक गुणगुण असेल तर ती ५० हर्ट्झची, ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकत्वातून किंवा शील्ड तुटलेल्या वायरीतून येणारी. कर्कश घरघर असेल तर १०० हर्ट्झची, रेक्टिफायरची. कपॅसिटर सलग भरत नाहीत. सेकंदाला शंभर वेळा करंटचा झटका घेऊन भरतात. ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या टॅपपासून दोन कपॅसिटरांच्या जोडापर्यंत १ चौरस मिलिमीटरची १० सेंटिमीटर वायर धरा. तिचा रोध १.७ मिलिओहम, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. पण २० अँपिअरचा झटका गेला की तिच्या दोन टोकांत ३४ मिलिव्होल्ट उभे राहतात. माइकचा सिग्नल असतो एक-दोन मिलिव्होल्ट. आता इनपुटचं ग्राउंड ट्रान्सफॉर्मरच्या टोकाला जोडलंत, तर ही सगळी घरघर सिग्नलमध्ये मिसळली. तीच वायर उपटून कपॅसिटरांच्या जोडाच्या पलीकडे, एका स्वतंत्र बिंदूवर लावली की भोंगा गप्प. सर्किटच्या कागदावर ही दोन्ही टोकं एकाच रेषेनं जोडलेली असतात.

घरघर घालवायची दुसरी एक पद्धत आपल्याकडे सर्रास दिसते: तीन पिनांच्या प्लगची अर्थची पिन मोडून टाकायची. ओल्या मंडपात लोखंडी माइक हातात धरणाऱ्या माणसाच्या जिवाशी हा खेळ आहे. ज्यानं ती पिन मोडली त्याला कारागीर म्हणू नये.

स्पीकरच्या केबलबद्दल लोक महागड्या धातूंच्या गोष्टी सांगतात. हिशेब मात्र सोपा आहे. १ चौरस मिलिमीटर तांब्याची केबल ५० मीटर ओढली, जाऊन-येऊन १०० मीटर, रोध १.७ ओहम. पुढे ४ ओहमचा डब्बा. तीस टक्के ताकद वायरीतच गरम होऊन गेली. शिवाय कोन हलल्यावर त्याला थोपवून धरायचं काम मशीनचं असतं. मधे एवढा रोध आला की ती पकड सुटते आणि बेस घुमत राहतो. मशीनच्या माहितीपत्रकावर डॅम्पिंग फॅक्टर २०० लिहिला असला तरी डब्ब्यापाशी तो दोन-अडीच उरतो. जाड वायर घ्या, नाहीतर मशीन डब्ब्याजवळ ठेवा. तांब्याचा नुसता मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर स्वस्त मिळते, ती याहून वाईट. गावभर भोंगे लावायला १०० व्होल्टची लाइन वापरतात ती याच कारणानं: १०० वॅटला तिथं १ अँपिअर लागतो, ४ ओहमच्या डब्ब्याला ५ अँपिअर, आणि वायरीतला तोटा करंटच्या वर्गानं वाढतो.

नकली मालाचं प्रकरण लेखकानं पुराव्यानिशी लिहिलं आहे. मेलेला ट्रान्झिस्टर फोडून आतली चिप पाहिली की कळतं. खऱ्या ५२००ची क्षमता १५ अँपिअर आणि १५० वॅट असते. नकलीत बाहेरचा डगला तेवढाच, आत चिप मात्र एखाद्या लहान ट्रान्झिस्टरची. नंबर वाचून आवाजाबद्दल बोलणाऱ्यांनी हे प्रकरण दोनदा वाचावं. धुळीबद्दलही दोन पानं आहेत, ती खास आपल्या तालुक्यासाठी. जिनिंगच्या दिवसांत हवेत उडणारी रुई पंख्याच्या जाळीवर नमद्यासारखी बसते, हवा अडते, आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर शिजतात. त्यांचं तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं. जाळी झाडायला ब्रश पुरतो.

क्लास डी मशीनांवर पुस्तिकेत थोडंच आहे. ही मशीनं सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होऊन काम करतात, नव्वद टक्क्यांच्या आसपास वीज स्पीकरपर्यंत पोचवतात आणि त्यामुळे कमी तापतात. जुन्या पद्धतीच्या मशीनला कागदोपत्रीसुद्धा ७८ टक्क्यांच्या पुढे जाता येत नाही. आपल्या उन्हाळ्यात आणि जनसेटवर क्लास डी फायद्याचं आहे, आवाजही आता चांगला मिळतो. अडचण दुरुस्तीची आहे: बिघडलं की बोर्डच बदलायचा. व्हॉल्व्हच्या गोडव्याबद्दल माझं मत एवढंच, की त्यातलं विकृतीकरण बरंचसं दुसऱ्या हार्मोनिकचं, म्हणजे एक सप्तक वरच्या त्याच सुराचं असतं. म्हणून ते खटकत नाही, कित्येकांना आवडतंही.

'कानाला कळतं' म्हणणाऱ्यांशी लेखकानं वाद घातला नाही, मी थोडा घालतो. दोन मशीनांची तुलना करताना एकाचा आवाज जरासा मोठा असला तरी कान त्यालाच चांगला म्हणतो, आणि मोठा आहे हे त्याच्या लक्षातही येत नाही. मीटर लावून दोघांची पातळी ०.१ डेसिबलपर्यंत जुळवा, कोणतं मशीन चालू आहे हे ऐकणाऱ्याला सांगू नका, आणि मग विचारा. नीट बांधलेली, न फाटणारी दोन मशीनं अशा परीक्षेत वेगळी ओळखणं फार अवघड जातं. वाईट बांधलेलं मशीन मात्र गल्लीतलं पोरगंही ओळखतं.

आणखी एक. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा, आणि रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकरला बंदी, हे २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत लिहिलेलं आहे. शब्द स्वच्छ येत असेल तर नॉब इतका वर न्यावा लागत नाही, हा चांगल्या मशीनचा शेजाऱ्यांना होणारा फायदा.

वाचकांना एकच विनंती. पान उलटून पहिल्या प्रयोगाला हात घालण्याआधी प्लग काढा. प्लग काढल्यावरही ६३ व्होल्टवर भरलेल्या १०,००० मायक्रोफॅरडच्या एकेका कपॅसिटरमध्ये जवळजवळ २० ज्यूल ऊर्जा शिल्लक असते. स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी पाडू नका. १०० ओहम, १० वॅटचा रेझिस्टर दोन्ही टोकांना धरा, दहा सेकंद थांबा, मीटर शून्य दाखवतो ना ते पाहा, आणि मगच बोट आत घाला.